ओढ, दाब, पेट, सोड

रविवारी सकाळी मी हात पुसत गॅरेजमधून स्वयंपाकघरात आलो, तर आमच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर ओट्यावर वाट्या-चमच्यांच्या शेजारी पालथा घातलेला. लख्ख! इतका लख्ख की त्यात माझा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा काही बरा दिसत नव्हता.

"अगं, हे काय केलंस?"

"घासलं," ही म्हणाली. "शी, काय ती कळकट! ओट्यावर ठेवलंत म्हणजे घासायलाच ठेवलंत ना? उद्या तुम्ही ओट्यावर बसलात तर तुम्हालाही घासीन."

"त्यावर मी खूण केली होती गं. खडूने."

"खडूने?" हिने कपाळाला हात लावला. "जन्मभर फळा पुसलात आणि खडू पुसला जातो हे तुम्हाला माहीत नाही?"

निवृत्त मास्तराला हा टोला बरोबर लागतो. मी डिस्ट्रिब्युटर उचलला, झटकला आणि खिडकीत उन्हाला ठेवला.

माझी नात शेजारीच उभी होती. ती माझ्या मुलाची मुलगी, शनिवार-रविवार आमच्याकडे असते. चौथीत आहे. नाव शाळेच्या हजेरीत काही का असेना, घरात ती 'काऊ'. बोलायला लागली तेव्हापासून प्रत्येक वाक्याला "का?" विचारते म्हणून.

"का?" काऊने विचारलं. "खूण का केली होती?"

"इंजिनात चार सिलिंडर असतात. कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची ते हा ठरवतो. तुमच्या वर्गात वह्या वाटणारी मुलगी असते ना, तसा. तो काढताना कुठल्या बाजूला तोंड करून बसला होता, त्याची ती खूण होती. पण काळजी नको. इंजिन होतं तिथेच उभं आहे, म्हणजे अंदाज बांधता येईल."

काऊने पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ काढली.

"आजोबा, तुम्ही चहा पीत होतात ना, तेव्हा मी ते पुढचं हँडल घालून इंजिन फिरवून बघितलं. थोडंच. आणि मग परत तेवढंच उलटं फिरवलं."

"बाळ, ते हँडल उलटं फिरवलं की इंजिन फिरत नाही. नुसतं सुटतं."

"अरे बापरे," काऊ म्हणाली.

म्हणजे इंजिन एकीकडे, डिस्ट्रिब्युटर दुसरीकडे आणि खूण मोरीच्या पाण्याबरोबर तिसरीकडे. एरवी मी हसलो असतो. म्हातारी गाडी, म्हातारा मालक, घाई कुणाला आहे? पण त्या रविवारी घाई होती.

माझी मुलगी, म्हणजे काऊची आत्या, नर्स आहे. आमच्याबरोबरच राहते. बरीच वर्षं तिने वॉर्डात काढली आणि आता तिला घरोघर जाऊन रुग्ण बघायचं काम हवं होतं. अंथरुणाला खिळलेले म्हातारे, नुकत्या बाळंत झालेल्या बाया. ती म्हणते, "वॉर्डात मला खाट क्रमांक माहीत असतो, माणूस माहीत नसतो." ती जागा निघाली होती. अट एकच, गाडी चालवण्याचा परवाना. मंगळवारी जागा भरणार आणि सोमवारी सकाळी तिची परीक्षा. आधी दोनदा ती शिकवणीवाल्यांच्या गाडीत नापास झाली होती. एकदा चढावर गाडी बंद पडली आणि एकदा पाऊस नसताना वायपर चालू झाले ते बंदच करता येईनात. मग मी तिला आमच्या गाडीवर शिकवलं. आमच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे. तो तिच्या हातात असा बसला की जणू जन्मापासून तिथेच होता. पण शुक्रवारी गाडी ठसकायला लागली, ठिणगी पाडणारे आतले पॉइंट झिजलेले निघाले, ते बदलायला मी डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला, आणि पुढे ओटा आला.

आत्या सकाळच्या ड्युटीला गेली होती. दुपारी येऊन ती गाडी मागे घेण्याचा सराव करणार होती.

"चल काऊ," मी म्हणालो. "आत्या यायच्या आत इंजिनाला त्याची वेळ परत शिकवू."

गॅरेज म्हणजे स्वयंपाकघराला टेकून काढलेली पत्र्याची खोली. मधे एक खिडकी आहे. तिच्यातून ही मला चहा देते आणि बोलणीही. मी बॉनेट उघडलं, चारही स्पार्क प्लग काढून ओळीने कापडावर ठेवले. प्लग काढले की आतली हवा अडत नाही आणि काऊएवढ्या हातांनीही इंजिन फिरतं.

"आता ऐक. या प्रत्येक भोकाखाली एक पिस्टन वर-खाली करतो. त्याला चारच कामं येतात. खाली जाताना पेट्रोलची हवा आत ओढतो. वर येताना ती दाबतो. मग ठिणगी पडते, हवा पेटते आणि त्याला खाली ढकलते. परत वर येताना तो धूर बाहेर सोडतो. ओढ, दाब, पेट, सोड."

"ओढ, दाब, पेट, सोड," काऊ म्हणाली. आणि मग तिला ते आवडलंच. ती गॅरेजभर लंगडी घालत फिरली. ओढ, दाब, पेट, सोड.

"किती वेळा वर आला?"

ती थांबली. बोटांवर मोजलं. "दोनदा. दाबताना आणि सोडताना."

"शाबास! सगळी गोम तिथेच आहे. ठिणगी दाबल्यावर द्यायची. सोडताना दिली तर वाया. आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा पिस्टन वरच दिसतो. पुढच्या पुलीवर, म्हणजे चाकावर, खाच आहे आणि तिच्यासमोर इंजिनावर कोरलेली खूण, पण खाच दोन्ही वेळा त्याच खुणेशी येते."

"मग कळणार कसं?"

मी खिशातून शिट्टी काढली. शाळेच्या मैदानावरची, जुनी, पितळी. रबरी नळीच्या एका टोकाला शिट्टी घातली आणि दुसरं टोक पहिल्या सिलिंडरच्या भोकात घट्ट बसवलं.

"दाबताना दोन्ही झडपा बंद असतात. हवेला जायला वाट नसते. मग ती कुठून जाईल?"

"शिट्टीतून!" काऊचे डोळे मोठे झाले. "इंजिन शिट्टी मारणार?"

"मारणार. सोडताना मात्र धुराची झडप उघडी असते, हवा तिकडून जाते आणि शिट्टी गप्प. तेव्हा शिट्टी झाली की हँडल हळू, आणि खाच खुणेवर आली की थांब."

काऊने दोन्ही हातांनी हँडल धरलं. मी टॉर्च घेऊन पुलीशी डोकं खुपसलं. माझा डावा कान जरा सुट्टीवर असतो, तो नेमका शिट्टीकडे होता. पण काऊचे कान मांजरीचे आहेत.

हँडल फिरू लागलं. अंधारातून खाच हळूहळू वर येताना दिसली आणि तेवढ्यात... फुर्रर्र! अशी खणखणीत शिट्टी झाली की मलाही ऐकू आली.

"झाली! आजोबा, शिट्टी झाली!"

"हळू! अजून जरा... अजून जरा... थांब!"

खाच खुणेवर. आम्ही दोघांनी हात मिळवले. माझी शिट्टी इतकी दमदार असेल असं मला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं पोरं उगीच नाही वचकून राहिली. मी रोटरचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या काट्याचं, तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे ठेवून डिस्ट्रिब्युटर बसवला, शिट्टी पुसून खिशात टाकली, प्लग लावले, वायरी लावल्या. बारीक जुळणी नंतर करू, आधी सुरू तर होऊ दे, असं म्हणून काऊला आत बसवलं. गिअर मोकळा, हँडब्रेक ओढलेला, हे दोनदा बघितलं.

"मार किल्ली!"

स्टार्टरने दोन गिरक्या घेतल्या आणि कार्बोरेटरच्या तोंडातून असा काही बार निघाला की पत्रे थरथरले. पाठोपाठ मागच्या नळकांड्यातून दुसरा बार. फिल्टर काढलेला असल्यामुळे कार्बोरेटरमधली सगळी काजळी माझ्या तोंडावर.

समोरचा बेकरीवाला दुकानातून ओरडला, "मास्तर! तोफांची सलामी कुणाला? कोण राजा आलाय?"

"तुझा पाव घ्यायला आलाय," मी ओरडलो. "दात पाडून घ्यायला."

काऊ खाली उतरली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"भुवया आहेत का बघ गं."

"आहेत. पण आजोबा, तुम्ही राखेतनं उठल्यासारखे दिसताय."

मग मी वायरींचा क्रम तपासला. बरोबर. पेट्रोल होतं. पॉइंट उघडमीट करत होते. परत किल्ली मारली, परत बार, परत बेकरीवाला. "नाचता येईना अंगण वाकडं!" ही खिडकीतून म्हणाली. घासून चकचकीत केलेल्या वस्तूत दोष असूच शकत नाही, असं तिचं मत.

एवढ्यात फाटक वाजलं. आत्या आली. पांढरे बूट, हातात पिशवी. तिने उघडं बॉनेट बघितलं, माझं तोंड बघितलं आणि दारातच उभी राहिली.

"बाबा, खरं सांगा. उद्या गाडी असेल का?"

"असेल गं. थोडं..."

"थोडं नको. नसेल तर मी आत्ताच मेट्रनबाईंना फोन करते. माझं नाव काढा म्हणते. उगाच शेवटच्या क्षणी त्यांना तोंडघशी नको पाडायला." तिचा आवाज अगदी साधा होता. वॉर्डात वाईट बातमी सांगतानाही ती असंच बोलत असणार.

"बेकरीवाल्याची व्हॅन घेऊन जा की," खिडकीतून ही म्हणाली.

"आई, त्याच्या व्हॅनमध्ये मी हॉर्न शोधेपर्यंत परीक्षा संपेल." तिने पिशवीतून फोन काढला.

मी पुलीकडे बघत होतो. खाच तर खुणेवर होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. शिट्टी झाली होती, कानांनी ऐकली होती. मग चुकलं कुठे?

फुर्रर्र!

आम्ही सगळ्यांनी इंजिनाकडे बघितलं.

"आजोबा," काऊ हळूच म्हणाली, "इंजिन फिरत नाहीये ना?"

"नाही."

"आणि शिट्टी तुमच्या खिशात आहे ना?"

मी खिसा चाचपला. होती.

"मग शिट्टी कोण मारतंय?"

खिडकीतून ही म्हणाली, "कुकर मारतोय, दुसरं कोण? सकाळी बटाटे लावले होते, आता वाटाणे लावलेत. का? त्यालाही बंदी आहे का?"

आधी आत्याला हसू फुटलं. ती पायरीवर बसलीच. मग काऊ, मग खिडकीतली. मी तोंड काळं करून उभा, म्हणजे अक्षरशः. खाच वर आली होती ती सोडतानाची, आणि शिट्टी बटाट्यांची!

"बाबा," आत्या डोळे पुसत म्हणाली, "आम्हाला पहिल्याच आठवड्यात काय शिकवतात माहितीये? नाडी अंगठ्याने बघायची नाही. अंगठ्याची स्वतःची नाडी जोरात असते. रुग्णाची म्हणून आपण आपलीच मोजत बसतो."

"आणि रुग्ण?"

"रुग्ण आपल्यासारखाच ठणठणीत निघतो. कागदावर."

मी तिच्याकडे बघितलं. "मग तूच बघ या गाडीची नाडी. कान नकोत आता. बोट लाव."

तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, लावतेय. मग तिने तो पिशवीत टाकला, बाह्या वर केल्या आणि बॉनेटवर वाकली. आम्ही प्लग परत काढले. तिने तर्जनी पहिल्या भोकावर दाबून धरली.

"चल काऊ, फिरव. सावकाश."

काऊ हँडल फिरवू लागली आणि बरोबर म्हणूही लागली. आत्याचे डोळे मिटलेले. नाडी बघताना ती तशीच बघते.

"आता ओढतंय... बोट आत ओढतंय, बाबा."

"ओढ," काऊ म्हणाली.

"आता... अगं बाई! ढकलतंय! बोट उडवतंय माझं!"

"दाब!"

"हळू, काऊ, हळू," मी पुलीशी वाकून म्हणालो. "ये... ये... थांब."

खाच पुन्हा खुणेवर. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. रोटर नेमका पाठ फिरवून बसला होता, रुसलेल्या पाहुण्यासारखा.

"असा उलटा कसा?" काऊने विचारलं.

"इंजिनाच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा याची एक होते. आपण एका फेरीने चुकलो, म्हणून हा अर्ध्याने चुकला."

काऊने हवेत एक बोट भरभर आणि दुसरं सावकाश फिरवून बघितलं. तिला ते पटेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. अशा वेळी घाई करायची नसते, मग उद्या परीक्षा का असेना. "हां," ती शेवटी म्हणाली, आणि मी डिस्ट्रिब्युटर उचलून अर्धा वळवून परत बसवला.

राहिली बारीक जुळणी. ठिणगी नेमकी कधी?

"पिस्टन अगदी वर पोचला की," काऊ म्हणाली.

"तुझी शाळा दहाला भरते. तू घरातून दहाला निघतेस?"

"नाही. जरा आधी."

"तसंच. पेटायलाही वेळ लागतो, म्हणून ठिणगी जरा आधी निघते. पण फार आधी निघाली तर?"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," खिडकीतून उत्तर आलं.

"आणि उशिरा निघाली तर?"

"वरातीमागून घोडं!" आत्या आणि तिची आई एकदमच म्हणाल्या.

"आणि आपल्याला?" मी काऊला विचारलं.

"वेळेवर आलेला नवरा पाहिजे," काऊ म्हणाली, आणि आत्या परत हसू लागली.

मी एक छोटा दिवा पॉइंटच्या वायरीला जोडला. पॉइंट उघडले की दिवा लागतो आणि ठिणगी त्याच क्षणी पडते. काऊकडून जवळजवळ दोन फेऱ्या फिरवून खाच खुणेच्या जरा अलीकडे आणून ठेवून घेतली. मग आत्याला सांगितलं, "आता डिस्ट्रिब्युटरचं अंग दोन्ही हातांनी धर. केसाएवढं फिरव. दिवा लागला की थांब. पुढे नको, मागे नको."

"मी? बाबा, तुम्हीच करा ना. माझ्या हातून बिघडलं तर?"

"तू तान्ह्या बाळाच्या शिरेत सुई घालतेस. हे लोखंड आहे. याला दुखत नाही."

तिने धरलं. फिरवलं. दिवा लागला नाही. अजून जरा. नाही. अजून जरा, आणि लागला. ती थोडी मागे गेली, विझला. परत पुढे, लागला. तिथेच ती थांबली आणि श्वाससुद्धा घेईना. मी बोल्ट आवळला, झाकण, प्लग आणि वायरी परत लावल्या.

या वेळी किल्ली आत्याने मारली. काऊने आधीच कानात बोटं घातली होती, बेकरीवाला दुकानाच्या दारात येऊन उभा होता. पण बार झालाच नाही. इंजिनाने एकदा घसा खाकरला आणि मग अशी संथ, सारखी गुणगुण सुरू झाली की खिडकीत ठेवलेली कपबशीही हलेना. काऊने एक बोट काढलं, मग दुसरं.

"झालं?" ती म्हणाली. जरा निराशच झाली होती. तिला सलामी हवी होती.

आत्या स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, तोंड धुऊन या. मला मागे घ्यायचा सराव करायचाय."

सोमवारी परीक्षेच्या मैदानाबाहेर एका बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, मी आणि शाळा बुडवून आलेली काऊ. आमची गाडी आत गेली. आत्याशेजारी परीक्षक, मांडीवर फळी, चेहरा इस्त्री केलेला. वळण घेऊन गाडी उंच भिंतीमागे गेली. तिकडे चढ होता. आता दिसत काही नव्हतं, नुसता आवाज. मी उजवा कान तिकडे केला. पहिला गिअर. दुसरा. चढ लागला, आवाज जड झाला.

आणि बंद झाला.

काऊने माझा हात धरला. मी तिचा. आधी एका खेपेला असंच झालं होतं, चढावर, आणि तिथेच सगळं संपलं होतं. भिंतीमागून काही येईना. एक चिमणी भिंतीवर बसली, उडाली. माझ्या मनात मेट्रनबाईंचा फोन वाजायला लागला.

मग स्टार्टरचा आवाज आला. एकच. आणि इंजिन लागलीच सुरू झालं, न ठसकता, न रागावता. आवाज वाढला, चढाच्या वर गेला, उतरला. भिंतीच्या कडेने आमच्या गाडीचं नाक दिसलं.

आत्या उतरली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. नर्सचा चेहरा आहे तो.

"बंद पडली का गं?" मी विचारलं.

"पडली नाही. त्यांनीच बंद करायला सांगितली. ऐन चढावर. म्हणाले, आता चालू करून दाखवा, मागे न घसरता." तिने हात पुढे केला. हातात परवान्याचा कागद होता. "घसरली नाही. केसाएवढीसुद्धा."

काऊने जी आरोळी ठोकली ती परीक्षकालाही ऐकू गेली असणार. आत्याने मात्र कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला, फोन काढला आणि मेट्रनबाईंना एवढंच म्हणाली, "मॅडम, माझं नाव राहू द्या."

मी सवयीने गाडीच्या उजव्या दाराकडे निघालो. ती आधीच तिथे उभी होती. मी वळसा घालून तिच्या शेजारी बसलो, काऊ मागे बसली. गाडी रस्त्यावर आली, मोठ्या चौकात समोरून एक ट्रक वळला आणि माझा पाय जोरात खाली गेला.

"बाबा," आत्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "पाय उचला. तिथे ब्रेक नाहीये."